शब्दचर्चा: कॉलमच्या किमतीवरून ओळींचे गट, याला मराठीत काय म्हणाल?

ऐरोलीकर:
पोरांसाठी पायथन आणि आर या प्रोग्रॅमिंग भाषांच्या नोट्स मराठीत लिहितोय, एका ठिकाणी अडलोय. सोसायटीच्या पाण्याची मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा तक्ता, धरा, पहिल्या कॉलममध्ये विंग (१, २, ३), दुसऱ्यात फ्लॅट नंबर, तिसऱ्यात युनिट. आता पहिल्या कॉलमात १ असलेल्या सगळ्या ओळी एकीकडे, २ वाल्या दुसरीकडे, असं करायचंय. आर त्याला स्प्लिट म्हणतं, पायथनची तक्त्यांची लायब्ररी पांडाज म्हणतं ग्रुपबाय, म्हणजे एक तोडा म्हणतो नि दुसरा जोडा, काम तेच! ‘वर्गीकरण’ लिहू का?

कोपरीवाला:
वर्ग नको राव. मॅट्रिक्सचा वर्ग म्हटलं की पोरगं तिला तिच्यानेच गुणत बसेल. शिवाय वारंवारता सारणीत ०-१०, १०-२० असे वर्ग असतात, तिथे किंमत मर्यादेत बसली की झालं, तुमच्याकडे ती नेमकी जुळायला हवी. ‘फोड’ पण नको, मॅट्रिक्सची फोड म्हणजे दोन मॅट्रिक्सचा गुणाकार असं वाटेल. साधा ‘गट’ बरा.

नौपाडा:
गट ठीक, पण ‘कशावरून’ हे कोण सांगणार? त्यासाठी आपल्याकडे फर्स्टक्लास प्रत्यय आहे, -निहाय. ठाणे पालिकेची कुठलीही आकडेवारी बघा, प्रभाग समितीनिहाय, म्हणजे वागळे, उथळसर, कळवा, मुंब्रा, दिवा अशी एकेकाची वेगळी. आणि गंमत बघा, ‘कळवानिहाय’ कुणी म्हणत नाही, ‘कळव्याची’ म्हणतात, कारण -निहायच्या आधी कॉलमचं नाव येतं, त्यातली किंमत नाही. ग्रुपबायच्या कंसातही आपण ‘विंग’ लिहितो, ‘१’ नाही. म्हणून ‘ओळींचे विंगनिहाय गट’ लिहा, आणि गट सुटा झाला की ‘विंग १ च्या ओळी’. कोड वाचताना मुलांना वेगळं काही समजवावं लागणार नाही.

ऐरोलीकर:
हे भारीच. पण ‘विंगवार’ का नको? छोटा आहे.

नौपाडा:
चालेल की, बोलताना मी पण म्हणतो. फक्त -वार मध्ये क्रमाचा वास येतो, क्रमवार, तारीखवार वगैरे, आणि इथे क्रमवारी वेगळी, गट पाडणं वेगळं. पायथनच्या इटरटूल्स या मॉड्यूलमधला ग्रुपबाय फक्त शेजारच्या सारख्या किमती एकत्र करतो, कॉलममध्ये १, १, २, १ असेल तर तीन गट देतो, म्हणून आधी सॉर्ट करून घ्यायचं. नमपाय या पायथनच्या मॅट्रिक्सवाल्या लायब्ररीत तर ग्रुपबाय नाहीच, तिथे विंगवर सॉर्ट करा, किंमत जिथे बदलते त्या जागा शोधा आणि तिथे स्प्लिट करा. सॉर्ट स्टेबल ठेवा बरं का, नाहीतर एकाच विंगमधले फ्लॅट मूळ क्रमाने राहतीलच याची खात्री नाही. पांडाजमध्ये ही कटकट नाही, ओळी कशाही विखुरल्या असल्या तरी चालतं आणि गटाच्या आत मूळ क्रम तसाच राहतो.

कोपरीवाला:
‘विभाजन’ कुणी सुचवलं नाही अजून? गणितात त्याचा अर्थ पक्का आहे, एक ओळ दोन गटांत नाही आणि एकही ओळ बाहेर नाही.

नेरूळची वाचक:
अहो पण ते दरवेळी खरं नसतं ना! एखाद्या ओळीत विंगचा रकाना रिकामा असेल तर पांडाज ती ओळ गुपचूप गाळतं, एररही येत नाही, बेरीज जुळेना की मग शोधाशोध. ग्रुपबायच्या कंसात ड्रॉपएनए फॉल्स (dropna=False) लिहिलं की राहते, ही सोय २०२० च्या १.१ आवृत्तीपासून आहे. त्यामुळे विभाजन लिहायचं तर हे पण लिहा. बाकी -निहायला माझंही मत. आणि रिकाम्या रकान्याच्या गटाला नाव सरकारी तक्त्यातलंच द्या, ‘नोंद नाही’.