मिरेल्ला फ्रेनी: इतकं निर्मळ गाणं पुरेसं आहे का?

मंद्रपंचम:
थेट मांडतो, भांडायचं त्यांनी भांडावं. महायुद्धानंतरच्या इटालियन ऑपेरात लिरिक सोप्रानो पुष्कळ झाल्या, पण मिरेल्ला फ्रेनीइतकं (१९३५–२०२०, गाव मोदेना) निर्मळ आणि बिनकष्टाचं गाणं दुसरीचं नाही. लिरिक म्हणजे बायकांच्या उंच आवाजातली मधली जात. भिंगरीसारख्या ताना घेणारी हलकी नव्हे आणि वाग्नरच्या वाद्यवृंदाला पुरून उरणारी भारीही नव्हे. पुच्चीनीची मिमी, बिझेची मिकाएला, मोत्सार्टची सुझान्ना या तिच्या हक्काच्या भूमिका.

पुरावा एकच देतो: पुच्चीनीच्या 'ला बोएम' ऑपेराचं ध्वनिमुद्रण, बर्लिन, १९७२, संचालक कारायान आणि बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंद, सोबत गायक पावारोत्ती. पहिल्या अंकात नायिका मिमी स्वतःची ओळख करून देते ती आरिया, म्हणजे एकटीचं गाणं, ऐका. सुरुवात बोलल्यासारखी, खालच्या-मधल्या स्वरांत. मग बर्फ वितळल्यावरचा पहिला सूर्य माझा, या ओळीशी वाद्यवृंद भरून येतो आणि आवाज वरच्या 'ए'पर्यंत, म्हणजे ८८० हर्ट्झपर्यंत चढतो. खालचा आणि वरचा आवाज जिथे जुळतो तो सांधा बहुतेकींचा इथे ऐकू येतो. खाली मऊ, वर कडक, जणू दोन बायका गातायत. फ्रेनीचा खालचा आणि वरचा सूर एकाच पोताचा. त्याच अंकाच्या शेवटी मिमी आणि तिचा प्रियकर रंगमंचाबाहेर जाताना मिमीला वरचा 'सी' (१०४६ हर्ट्झ) हळू घ्यायचा असतो. तोही ती ढकलत नाही, नुसता ठेवते.

नाट्यवेडा:
असहमत. आवाज सुंदर आहे, वाद नाही. पण ऑपेरा हे नाटकही आहे हे विसरून चालेल का? डिसेंबर १९६४, मिलानचं ला स्काला ऑपेरागृह, व्हेर्दीचा 'ला त्राविआता', फ्रेनी त्यातली नायिका व्हिओलेत्ता. संचालक कारायान आणि दिग्दर्शक झेफिरेल्ली, म्हणजे पाठबळ भरभक्कम. तरी पहिल्या रात्री प्रेक्षकांनी फ्रेनीची हुर्यो उडवली आणि पुढे तिच्या जागी आन्ना मोफ्फो उभी राहिली. मिलानकरांच्या कानात मारिया कालासनं गायलेली १९५५ची व्हिओलेत्ता अजून घुमत होती, हे खरं. पण कारण तेवढंच नाही.

व्हिओलेत्ता एका गळ्याची भूमिकाच नव्हे. पहिल्या अंकात चपळ ताना आणि वरचे 'सी', दुसऱ्यात लांब, भरीव ओळी, तिसऱ्यात मरणाऱ्या बाईचा तुटका उच्चार. तिथे कधीकधी आवाज मुद्दाम कुरूप करावा लागतो. निर्मळ गाणाऱ्यांना नेमकं तेच जमत नाही, जमवावंसं वाटतही नाही.

मंद्रपंचम:
नाट्यवेडासाहेब, अर्धीच गोष्ट सांगितलीत. १९६७ मध्ये लंडनच्या कव्हेंट गार्डन ऑपेरागृहात संचालक ज्युलिनीच्या हाताखाली ती व्हिओलेत्ता गायलीच. मात्र पुढे तिनं या भूमिकेवर कारकीर्द उभी केली नाही, आणि शहाणपणा मला त्यातच दिसतो. कारायाननं देऊ केलेली पुच्चीनीची तुरान्दोत, ही भारी आवाजाची भूमिका, तिनं नाकारली. तीच भूमिका घेऊन किती लिरिक गळे पाच-सहा वर्षांत खरखरीत झाले ते मोजा! फ्रेनी २००५ मध्ये, सत्तरीत, वॉशिंग्टनला चायकोव्हस्कीची जोन ऑफ आर्क गाऊन थांबली. पदार्पण १९५५चं. पन्नास वर्षं.

काळी चार:
मला मुळात 'निर्मळ' हाच दावा पटत नाही. आपला कान स्थिर स्वरावर वाढलेला. तानपुऱ्याशी मिळालेला षड्ज हलता कामा नये. या बाईचा प्रत्येक लांब सूर थरथरतो. त्याला व्हिब्रातो म्हणा की आणखी काही, सूर एका जागी उभा नाही. मग शुद्ध कसला?

रियाजी:
काळी चार, मुद्दा रास्त आहे, पण थरथर मोजून बघा. चांगल्या ऑपेरागळ्याचा व्हिब्रातो सेकंदाला साडेपाच ते साडेसहा वेळा हलतो, मूळ सुराच्या खाली-वर साधारण पाव स्वरापासून अर्ध्या स्वराच्या आसपास. या वेगाला कान वेगवेगळे सूर मोजत नाही, त्यांची सरासरी धरतो, आणि ती सरासरीच सुरात आहे की नाही ते महत्त्वाचं. दरबारीतला कोमल गंधार आंदोलित असतो, पण ते आंदोलन इतकं संथ की कान त्या प्रवासासकट ऐकतो. दोन्हींचं काम वेगळं. वेग पाचाच्या खाली घसरला की आवाज डुगडुगतो, सातावर गेला की बकरीसारखा होतो. पन्नाशीनंतर बहुतेकींचा वेग मंदावतो आणि फेरा रुंदावतो. फ्रेनीचा आश्चर्य वाटावं इतका उशिरा सैलावला.

आता मूळ धाग्याबद्दल. 'बिनकष्टाचं' हे श्रोत्याचं मत झालं. गाणारीच्या अंगात तिथे भरपूर काम चालू असतं, फक्त ते गळ्यात नसतं. पुच्चीनीच्या 'मादाम बटरफ्लाय'मधली दुसऱ्या अंकातली प्रसिद्ध आरिया घ्या. पहिलाच सूर वरचा 'जी फ्लॅट', ७४० हर्ट्झ, तोही अगदी हळू, दुरून आल्यासारखा. लिरिक सोप्रानोचा वरचा सांधा, ज्याला इटालियन लोक पासाज्जो म्हणतात, नेमका तिथेच, एफ शार्पच्या आसपास असतो. म्हणजे पुच्चीनीनं चालू गाडीत नव्हे, चढावर गाडी सुरू करायला सांगितली आहे. खालून चढून येण्याची सोयच नाही.

त्यात पहिला शब्द 'उ'काराचा. 'उ'चा पहिला अनुनाद स्त्रीच्या तोंडात ३५०-४०० हर्ट्झच्या जवळ असतो. सूर त्याच्या जवळजवळ दुप्पट वर. शुद्ध 'उ' धरून ठेवला तर आवाज बाटलीत फुंकल्यासारखा पोकळ येतो. म्हणून जबडा थोडा सोडून, 'ओ'कडे झुकवून अनुनाद सुराजवळ न्यावा लागतो. किती? ओळखू येईल इतका 'उ' उरला पाहिजे. फ्रेनीचं कौशल्य इथे आहे.

आणि श्वास. हळू गायचं म्हणून विद्यार्थिनी श्वासाचा आधारच काढून घेतात. मग सूर उतरतो, किंवा घसा आवळून तो धरला जातो. करायचं उलटं. श्वास घेतल्यावर बरगड्या जितक्या उघडल्या तितक्या शक्य तेवढा वेळ उघड्याच ठेवायच्या, पोटाचा खालचा भाग हळूहळू आत, आणि हवा कमी पण सलग. सराव मधल्या सुरांत, एफ ते सी या पट्ट्यात: एकच सूर हळू सुरू करून फुगवायचा आणि पुन्हा हळू करायचा, आठ ते बारा सेकंदांत. उतरताना आवाज फाटला, तर फुगवताना जास्त हवा खर्च झाली असं समजायचं. तिथे पक्कं झाल्याशिवाय वर न्यायचं नाही. पुढची पायरी 'उ'वर डी ते जी अशी मींड, जी वर पोचल्यावर 'आ' उघडायचा. हनुवटी वर गेली, जिभेचं मूळ मागे ओढलं गेलं किंवा कंठ वर सरकला, तर तिथेच थांबायचं.

काळी चार:
मोजमाप मान्य, आवड मान्य नाही! पण एक विचारतो. आपल्या गायिका काळी चारला, म्हणजे जी शार्पला, षड्ज धरून गातात, तार पंचमापर्यंत सहज जातात. त्यांना हा सांधा का आडवा येत नाही?

रियाजी:
कारण त्या तिथवर पोचतात आणि बहुतेक थांबतात. काळी चारचा तार पंचम म्हणजे डी शार्प, ६२२ हर्ट्झ. वरचा पासाज्जो त्याच्या तीन अर्धस्वर वर. खुल्या, छातीच्या लगावानं तार पंचमापर्यंत जाता येतं. हाच लगाव पुढे वरच्या 'सी'पर्यंत रेटला तर गळा बसेल. शिवाय आपल्याकडे मायक्रोफोन आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात (मेट) जवळपास ३८०० खुर्च्या, समोर साठ-सत्तर वादक, आणि मायक्रोफोन नाही. दोन्ही लगाव आपापल्या जागी बरोबर आहेत.

ऑपेराच्या जगात भारतीय नाव हवं असेल तर मुंबईत जन्मलेली, मूळ गोव्याची सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ ऐका. इंग्लिश संगीतकार जॉन टॅव्हनरनं तिच्या गळ्यासाठी बरंच लिहिलंय, आणि त्यात दोन्ही कानांना धरायला काहीतरी आहे.

फीतवाला:
मायक्रोफोनचा विषय निघालाच आहे तर बोलतो. मंद्रपंचम ज्याला पुरावा म्हणतात ते चर्चमध्ये केलेलं स्टुडिओ ध्वनिमुद्रण आहे. तिथे हवं तर ओळ पुन्हा गाता येते आणि गायिका वाद्यवृंदाच्या पुढे ठेवता येते. बटरफ्लायचं तर आणखी मजेशीर: फ्रेनीनं ती दोनदा ध्वनिमुद्रित केली, एकदा कारायानसोबत, १९८०च्या दशकात संचालक सिनोपोलीसोबत. दिग्दर्शक पोनेलच्या चित्रपटातही तीच. पण रंगमंचावर पूर्ण बटरफ्लाय ती कधीच गायली नाही. चित्रपट पाहून लोक म्हणतात, बघा चेहऱ्यावर ताण नाही. असेल कसा? आवाज आधी भरलेला, कॅमेऱ्यासमोर फक्त ओठ हलतायत! १९६५च्या 'बोएम' चित्रपटाचंही तेच. तंत्राचा निवाडा करायचा तर असले पुरावे बाद.

मंद्रपंचम:
चित्रपट बाद, कबूल. मग प्रत्यक्ष प्रयोगाची चित्रफीत घ्या: मेट, १९८३, व्हेर्दीचा 'दोन कार्लो', पाच अंकी आवृत्ती. फ्रेनी म्हणजे राणी एलिसाबेत्ता. तिची मोठी आरिया अगदी शेवटच्या अंकात येते, रात्र सरत आल्यावर. तोवर कितीतरी वेळ दमदार आवाजांच्या मधोमध उभं राहायचं आणि मग दहा मिनिटं एकटीनं. तिथे मान, जबडा, खांदे बघा. श्वास घेताना खांदे उचलत नाहीत. १९८०च्या दशकाअखेरची सॅन फ्रान्सिस्कोची 'बोएम' पण बघा. पन्नाशी उलटलेली मिमी आहे, चेहऱ्याला वय दिसतं, आवाजाला फारसं नाही.

पेझारोकर:
कुणीच तेबाल्दीचं नाव काढत नाही हे बघून लिहितोय. आमच्या पेझारोच्या सोप्रानो रेनाता तेबाल्दीच्या मधल्या सप्तकापुढे फ्रेनी सडपातळ वाटते. हळू सूर हवेत टांगून ठेवण्यातही तेबाल्दीच श्रेष्ठ.

रियाजी:
मधलं सप्तक मान्य. पण तेबाल्दीचे वरचे सी पुष्कळदा खाली लागतात, साठच्या दशकात तर नक्कीच. मोठ्या आवाजाचं वजन वर घेऊन गेल्याची ती किंमत. निव्वळ गोडवा हवा तर स्पॅनिश सोप्रानो विक्तोरिया दे लोस आंखेलेस, संचालक बीचमसोबतची १९५६ची 'बोएम'. पण तीही बी फ्लॅटच्या वर आखडते. तिघींत वरून खालपर्यंत एकसारखी फ्रेनीच. रंग सगळ्यात गडद मात्र तिचा नाही.

पेझारोकर:
मग मला थोडा खाली लागलेला गडद सी द्या.

नाट्यवेडा:
पेझारोकरांना +१. आणि 'शहाणपणा' या मुद्द्याकडे परत. दहाव्या वर्षी रेडिओच्या स्पर्धेत तिनं बटरफ्लायची हीच आरिया गायली, तेव्हा प्रसिद्ध गायक बेनियामिनो जील्यीनं सांगितलं की मोठी होईपर्यंत गाणं बंद ठेव. सतराव्या वर्षी पुन्हा सुरू केलं. उत्तम. पण तोच सावधपणा पुढे गाण्यातही मुरला असं मला वाटतं. संचालक लेव्हाइनसोबतच्या चायकोव्हस्कीच्या 'येवगेनी अनेगिन'मध्ये पत्राचा प्रवेश ऐका. नायिका तात्याना कोवळी पोर, प्रेमपत्र लिहायला रात्रभर जागून, घाबरत, खोडून पुन्हा लिहितेय. फ्रेनीचं पत्र पहिल्या ओळीपासून सुवाच्य अक्षरात येतं.

मंद्रपंचम:
लेव्हाइनच्या वेळी ती पन्नाशी ओलांडलेली होती, तरी पत्राच्या मध्यावर, 'तू कोण आहेस, रक्षणकर्ता की मोहात पाडणारा' या ओळींना आवाज एकदम बारीक करते ते ऐकलंत का? तिथे अक्षर थरथरतं. ओबो आणि हॉर्न थोडे मागे सारून, नुसता आवाज ऐकून बघा.

नाट्यवेडा:
ऐकलं. थरथरतं, पण व्हिब्रातोइतकंच.