रिसर्च पेपरमधले तयार इंग्रजी वाक्प्रयोग: पोरांना शिकवायचे का बंद करायचे?

विश्रामबागच्या मॅडम
पीएचडी कोर्सवर्कच्या मुलामुलींचे मसुदे सारखे हातात येतात म्हणून विषय काढतेय. आमच्या सांगलीत हल्ली कुठल्याबी कार्यशाळेला जा, एकच सांगतात, तयार इंग्रजी वाक्प्रयोग टाळा, सगळं स्वतःच्या शब्दात लिहा. मला हे साफ नामंजूर आहे. जो पोरगा बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकला, घरात शेती, इंग्रजी फक्त वर्गात कानावर पडलेली, त्यानं 'इन द केस ऑफ' किंवा 'अॅज अ रिझल्ट ऑफ' असलं स्वतःच्या शब्दात म्हणजे नेमकं कसं लिहायचं? मोठमोठे अभ्यासक पण हेच वापरतात की. इंग्रजी शैक्षणिक लेखनाचे अभ्यासक केन हायलंड यांनी 2008 साली इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग, जीवशास्त्र, बिझनेस स्टडीज आणि उपयोजित भाषाविज्ञान या चार विषयांतलं लेखन तपासलं, त्यात सारख्या एकत्र येणाऱ्या चार-चार शब्दांच्या जुडग्यांमध्ये 'ऑन द अदर हँड' सगळ्यात वर होतं. मग आमच्या पोरानं लिहिलं की लाल रेघ का?

खरी अडचण अशी की पोरांकडं मोजकीच जुडगी असतात आणि तीच पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फिरतात. चेन आणि बेकर यांचा 2010 चा अभ्यास आहे, इंग्रजीतून लिहिणारे चिनी विद्यार्थी, इंग्रज विद्यार्थी आणि छापून आलेलं तज्ज्ञांचं लेखन, तिन्ही शेजारी ठेवून बघितलं. विविधता तज्ज्ञांकडं सगळ्यात जास्त, दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्यांकडं सगळ्यात कमी, आणि तज्ज्ञ क्वचित वापरतात ते 'ऑल ओव्हर द वर्ल्ड' या मुलांकडं जागोजागी. आपल्याकडचे प्रबंध उघडून बघा, हेच दिसेल. म्हणून मी म्हणते साठा वाढवा, बंदी कशाला घालता. मँचेस्टर विद्यापीठाची अॅकॅडेमिक फ्रेजबँक नेटवर आहे, कुठल्या कामाला कुठलं वाक्य ते नीट लावून दिलेलं आहे, ती वर्गात उघडून शिकवा.

तासगावकर
मॅडम, तुमचा मान ठेवून सांगतो, मला नाही पटलं. साठा वाढवून पोरगं जास्त पोकळ लिहिणार. आमच्या भागातल्या एका पोराचा विषय बेदाण्याचा, त्याच्या मसुद्यात वाक्य होतं, 'ऑल ओव्हर द वर्ल्ड ग्रेप्स आर कल्टिव्हेटेड. ऑन द अदर हँड, तासगाव इज फेमस फॉर रेझिन्स अँड इट प्लेज अ व्हायटल रोल इन इकॉनॉमी.' आता यात विरोध कशाचा कशाला ओ? आणि हाच पोरगा समोर बसवून मराठीत बोलता केला तर डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटचं पाणी कसं करायचं, द्राक्ष बुडवून रॅकवरच्या जाळीवर कसं पसरायचं, ढगाळ हवा आली तर माल काळा पडतो आणि सौद्यात दर कसा पडतो, कोल्ड स्टोरेजची पावती दाखवून कर्ज कसं उचलतात, सगळं घडाघडा सांगतो. त्यातलं एक अक्षर कागदावर नाही. 'व्हायटल रोल' हाताशी होतं म्हणून त्यानं दर लिहिलाच नाही, ते वाक्य टाकलं आणि पुढं गेला. तुम्ही त्याला अजून दोनशे वाक्यं दिली की तो अजून दोनशे ठिकाणी असाच सुटणार.

विश्रामबागच्या मॅडम
तासगावकर दादा, हे उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. 'ऑन द अदर हँड' तिथं चुकलं कारण ते कशासाठी असतं हे त्याला कुणी सांगितलंच नाही, नुसती जोडशब्दांची यादी पाठ करून घेतली. त्याच ठिकाणी 'इन द केस ऑफ तासगाव' लिहायला शिकवलं असतं तर पुढं तासगावचं काहीतरी सांगावंच लागलं असतं, वाक्य तिथं थांबूच शकत नाही.

तासगावकर
थांबतंय की. 'इन द केस ऑफ तासगाव, इट प्लेज अ व्हायटल रोल.' झालं.

कराडचा इंजिनिअर
आमच्याकडं हा वादच नाही बघा. 'अॅज शोन इन फिगर', 'इट कॅन बी सीन दॅट' असं लिहायचं आणि ग्राफकडं बोट दाखवायचं. मॅडमनी सांगितलेल्या हायलंडच्या अभ्यासात असली जुडगी सगळ्यात जास्त इलेक्ट्रिकलवाल्यांकडं सापडली होती, कारण आमचा वाचक आकृती आणि आकडा बघायला येतो, वाक्य ओळखीचं असलं की त्याचं डोकं आकड्यावर राहतं. त्यामुळं मी मॅडमच्या बाजूनं.

पेपर तपासणारा सातारकर
माझा मुद्दा जरा वेगळाय आणि मला तो जास्त गंभीर वाटतो. पोरं घाबरलीत ती सिमिलॅरिटीच्या टक्क्याला, म्हणजे आधी छापलेल्या लिखाणाशी आपला किती मजकूर जुळतो ते सॉफ्टवेअर दाखवतं त्याला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या नियमात 10 टक्क्यांपर्यंत जुळलं तर दंड नाही, आणि सलग 14 शब्दांपर्यंत योगायोगानं जुळणारा मजकूर धरायचा नाही असंही लिहिलेलं आहे. हे पोरांपर्यंत पोचतच नाही. मग ती रिपोर्टमध्ये रंगलेलं प्रत्येक वाक्य शब्द बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढतात आणि नको ते होऊन बसतं. 2021 मध्ये कॅबानाक, लाबे आणि मॅगझिनोव्ह यांनी छापून आलेले असले पेपर शोधून काढले, त्यात 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' झालेलं, आणि पुढं त्यांनीच 'ब्रेस्ट कॅन्सर'चं 'बूझम पेरिल' झालेलं पण दाखवलं. जे शब्द बदलायचेच नसतात ते बदलले. तेव्हा 'स्वतःच्या शब्दात लिहा' हा सल्ला अर्धवट दिला तर पोरगं फसतं, एवढं तासगावकरांनी पण मान्य करावं.

तासगावकर
सर, ते मान्य. 14 शब्दांचं कलम मी आजच पोरांना दाखवतो, ते दाखवायलाच पाहिजे. पण परीक्षक म्हणून तुम्हीच सांगा, व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, पोरगं 'इट इज प्रूव्ह्ड दॅट' लिहून येतं आणि पाठीमागं चाळीस शेतकऱ्यांची प्रश्नावली असते, तेव्हा काय करायचं?

पेपर तपासणारा सातारकर
तिथं मी थांबवतो. चाळीस प्रश्नावल्यांवर 'प्रूव्ह्ड' चालत नाही.

विश्रामबागच्या मॅडम
आणि तिथं पण त्याला पर्यायच माहीत नसतो हो. हायलंड आणि मिल्टन यांनी 1997 मध्ये हाँगकाँगच्या मुलांचे परीक्षेतले पेपर इंग्रज मुलांच्या पेपरांशी ताडून बघितले, तर दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्यांची विधानं जास्त ठाम आणि शंका दाखवायची साधनं थोडकी. आपली पोरं बोलताना किती सहज म्हणतात, 'असावं बहुतेक', 'तसं दिसतंय खरं', 'आमच्या गावापुरतं तरी असंच हाय'. अंदाज आणि खात्री यातला फरक त्यांना चांगला कळतो. इंग्रजीत मात्र 'इट इज लाइकली दॅट' किंवा 'धिस मे बी ड्यू टू' कुणी हातात दिलं नाही म्हणून ती 'प्रूव्ह्ड' लिहितात आणि परीक्षकाला वाटतं पोरगं उद्धट आहे. यात मला पोरांबद्दल फार वाईट वाटतं. बाकी यादीचं सोडा, पण ही शंकेची वाक्यं तरी पहिल्या महिन्यात शिकवलीच पाहिजेत.

तासगावकर
शंकेची वाक्यं शिकवा, त्याला माझी ना नाही. पण क्रम माझाच राहणार मॅडम. आधी प्रबंधातलं आकड्यांचं प्रकरण लिहायचं, ते पण पोराला जमेल तशा मोडक्यातोडक्या इंग्रजीत, नाहीतर सरळ मराठीत, दर, पावती, ढगाळ हवा सगळं घालून. त्यावर मी सही केल्याशिवाय फ्रेजबँक उघडायची नाही.

विश्रामबागच्या मॅडम
मराठीत आधी लिहून घ्यायचं मला आवडलं, पुढच्या बॅचला तसं करून बघते. सहीची अट मात्र मी घालणार नाही. काही पोरं समोर वाक्य दिसल्याशिवाय लिहायलाच बसत नाहीत, आणि तुमच्या अटीनं त्यांचं वर्ष जाईल.