मदत हवी आहे : ब्लॉक हीटर लावला, तरी गिअर टाकताना धक्का

कडाक्याची थंडी, पहाटे पारा उणे २५. निघायच्या ३ तास आधी ब्लॉक हीटर (गाडीचं इंजिन विजेवर गरम करणारं उपकरण) लावतो, त्यामुळे इंजिन पहिल्याच चावीला सुरू होतं. पण ऑटोमॅटिक गिअर पी (पार्क) मधून डी (ड्राइव्ह) मध्ये टाकला की क्षणभर काहीच नाही आणि मग धाडकन धक्का! हीटर कूलंट तापवतो, गिअरबॉक्समधलं ऑईल घट्टच राहतं, एवढं कळतं. मग किती वेळ थांबून निघावं? की लगेच निघून पहिले काही किलोमीटर हळू चालवणं बरं? न्यूट्रलमध्ये रेस देऊन गरम करा, असं एकाने सुचवलं. मला ते पटत नाही. आणखी एक, एक्स्टेन्शन वायरचा प्लग हाताला चांगलाच गरम लागतो. वायर बारीक पडत असेल का? (काल तर प्लग न काढताच निघालो होतो!)