हायस्कूलची हद्द घराच्या किमतीत धरलेली असते का? (हॉवर्ड काउंटी, मेरीलँड)

तिरकस_रेघ
आपल्या लोकांत घर बघायला निघालं की बेसमेंट, बॅकयार्ड नंतर. आधी प्रश्न ‘हायस्कूल कुठलं लागतं?’, कारण घर ज्या शाळेच्या हद्दीत, तीच सरकारी शाळा मुलांना मिळते. म्हणून २०१९चं प्रकरण पुन्हा काढतोय. तेव्हा हा विषय निघाला की दोन मिनिटांत आवाज चढायचे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: काही शाळा भरून वाहत होत्या, काहींत जागा रिकाम्या. काउंटीच्या सरकारी शाळांचे तेव्हाचे प्रमुख (सुपरिंटेंडेंट) मायकेल मार्टिरानो यांनी ऑगस्टमध्ये हद्दी नव्याने आखायचा आराखडा मांडला. काउंटीतल्या साधारण ५८ हजार मुलांपैकी ७,४०० जणांची शाळा बदलणार होती. गर्दी कमी करणं हा एक हेतू. दुसरा, ज्यावरून रान पेटलं, तो म्हणजे गरीब घरची मुलं मोजक्याच शाळांत एकवटली होती, ती विभागणं. रिव्हर हिल हायस्कूलमध्ये कमी उत्पन्नाच्या घरची मुलं पाच टक्क्यांच्याही आत, आणि काही मैलांवरच्या वाइल्ड लेकमध्ये चाळीसच्या वर. नोव्हेंबरमध्ये काउंटीच्या शिक्षण बोर्डाने बरीच काटछाट करून आराखडा मंजूर केला, तरी पाच हजारांवर मुलं हललीच.

माझं मत सरळ आहे. हद्द बोर्डाची असते. घराच्या खरेदीखतात शाळेचं नाव नसतं. एजंटने कानात सांगितलं आणि आपण त्यावर लाखभर डॉलर जास्त मोजले, तर तो आपला जुगार. तो हरल्यावर ‘आमच्यावर अन्याय झाला’ म्हणायला मुलांना पुढे करू नये. त्या सभांना आपली देशी मंडळी कोणत्या बाजूने पाट्या घेऊन उभी होती, हे सगळ्यांनी पाहिलंय.

सोनचाफा
जुगार? वा! अहो, आम्ही दोघं अकरा वर्षं व्हिसाच्या टांगत्या तलवारीखाली काढून, भाड्याच्या घरात राहून पैसे साठवले. पहिल्यांदा कुठेतरी मूळ धरलं ते शाळा बघूनच. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

आणि पाट्या धरणारे फक्त देशी नव्हते. चिनी, कोरियन, गोरे, सगळे होते.

मुख्य मुद्द्याला मात्र तुम्ही बगल दिलीत. चारशे मुलं इकडची तिकडे केली की दोन्ही शाळांची टक्केवारी कागदावर छान दिसते. पण वाइल्ड लेकमध्ये ज्याला गणित जमत नाही, त्याला त्याने काय मिळालं? जास्तीचे शिक्षक द्या, शिकवण्या द्या, त्यासाठी कर वाढवा, मी आनंदाने भरीन. माझ्या मुलीच्या मैत्रिणी तोडून त्याच्या बीजगणितात फरक पडणार नाही.

गणिती_गोंधळ
एक तांत्रिक गोष्ट. ‘मग थेट वर्णाच्या आधारे का नाही केलं?’ असं पुष्कळ जण विचारतात. २००७ साली सिएटलच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने एकेका मुलाचा वर्ण पाहून शाळा देण्याला चाप लावला. म्हणून आता पुष्कळ ठिकाणी शाळेत सवलतीचं जेवण मिळणाऱ्या मुलांचा आकडा वापरतात. माप ढोबळच आहे: दारिद्र्यरेषेच्या १८५ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तर जेवण सवलतीत, १३०पर्यंत असेल तर फुकट. १८६ टक्केवाला या हिशोबात श्रीमंत!

माईआजी
मी इथे मुलाकडे येऊन-जाऊन असते, पण इतिहासाची आवड आहे म्हणून सांगते. याच काउंटीत १९४९मध्ये काळ्या मुलांसाठी हॅरिएट टबमन शाळा निघाली आणि ती १९६५ला बंद झाली. तोवर काळ्यांचं वेगळं हायस्कूल चालूच होतं, वर्णावरून वेगळ्या शाळा ठेवणं बेकायदा ठरवणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल १९५४चा असूनसुद्धा. ती शाळा बंद झाल्यावर दोनच वर्षांनी जेम्स राउझ या बिल्डरने इथेच कोलंबिया शहर उभं केलं, तेच मुळी सगळ्या वर्णांची, सगळ्या मिळकतींची माणसं शेजारी राहावीत म्हणून. वाइल्ड लेक ही त्यातली पहिली वस्ती. त्याच गावात ‘त्या शाळेत नको गं बाई’ हे ऐकलं की कसंतरीच होतं. सोनचाफा, तुला नाही बोलत हो.

पन्नास_पैसे
आपल्याकडचं आठवा की. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम काढला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला आरटीईच्या २५ टक्के जागा द्यायची गरज नाही. जुलैमध्ये मुंबई हायकोर्टाने तो रद्द केला. तेव्हा ‘गरिबांच्या पोरांना चांगल्या शाळेबाहेर काढलं’ म्हणून फेसबुकवर चिडलेले लोक मला माहीत आहेत. मेरीलँडमध्ये तेच लोक ‘जवळची शाळा, जवळची शाळा’ करतात. अंतर सोयीचं असलं की तत्त्व होतं!

सोनचाफा
@पन्नास_पैसे तुलना चुकतेय. आरटीईत पालक स्वतःहून अर्ज करतात. इथे पत्र आलं: तुमच्या वस्तीचा तुकडा अमुक शाळेत गेला. विचारलं कुणी? इथेही रिव्हर हिलच्या रिकाम्या जागा वाइल्ड लेकच्या ज्या मुलांना हव्यात त्यांना द्या, बसची सोय करा. माझा विरोध शून्य. पण चालत जाणाऱ्या मुलाला तासभर आधी उठवून बसमध्ये घालू नका.

माईआजी, राग नाही. पण ‘त्या शाळेत’ असं मी एकदाही लिहिलेलं नाही.

तिरकस_रेघ
ऐच्छिक बदली ऐकायला छान. पण जिथे रात्रपाळी करणारी एकटी आई आहे, ती अर्ज कधी भरणार? जागा पुन्हा त्याच पालकांच्या पोरांना मिळतात ज्यांना पोर्टलची तारीख पाठ असते. हद्द सगळ्यांना लागू होते, म्हणूनच ती टोचते.

शिक्षक-शिकवण्यांबद्दल सहमत. फक्त ते ‘ऐवजी’ नको, ‘शिवाय’ हवं.

जेसपचा_शेजारी
सगळे गरीब-श्रीमंतावर भांडताय, पण गर्दीचं काय? तेरावं हायस्कूल, गिलफोर्ड पार्क, आमच्या जेसपला उघडलं २०२३मध्ये. त्यासाठी हद्दी परत हलवाव्या लागल्याच. म्हणजे थोड्याच वर्षांत दोनदा उलथापालथ. बिल्डरांना घरांची परवानगी भराभर मिळते, शाळेची इमारत मागाहून लंगडत येते. घरं आधी आणि वर्ग नंतर हा क्रम कोण उलटा करणार, ते विचारायला कुणी पाट्या घेऊन गेलं होतं का?