कॅम्पर गाडीच्या जनरेटरचा धूर गाडीपासून दूर कसा न्यावा?

तापीकाठचा प्रवासी (चोपडा तालुका) यांचा प्रश्न

सप्रेम नमस्कार. मी केळी पिकवणारा शेतकरी आहे. गेल्या वर्षी एक जुनी सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, तिची आसने काढून आत दोन पलंग, छोटा ओटा आणि पाण्याची टाकी बसवली व छताला एक पंखा लावला. मागे डिकीच्या जागी पत्र्याचा कप्पा करून त्यात अडीच केव्हीएचा पेट्रोल जनरेटर ठेवला आहे. त्याच्या सायलेन्सरला दीड-दोन फुटांची नळी जोडून ती मागच्या बंपरखाली सोडलेली आहे. हे काम करून देणाऱ्या कारागिराने ‘धूर बाहेर जातोय ना, मग झाले’ असे सांगितले होते आणि मीही ते मानले.

दिवाळीनंतर आम्ही तोरणमाळला एक रात्र मुक्काम केला. थंडी चांगलीच पडली होती, म्हणून खिडक्या घट्ट लावून साडेदहापासून जनरेटरवर छोटा हीटर चालवला. पहाटे चारच्या सुमारास आई, पत्नी आणि मी, तिघांचेही डोके ठणकत होते, आणि आईला दोनदा उलटी झाली. रात्रीची शेवभाजी जरा जास्तच तिखट आणि तेलकट झाली होती, त्यामुळे सारा दोष तिच्या माथी मारून आम्ही मोकळे झालो. मात्र माझे दोन पुतणे बाहेर तंबूत झोपले होते. त्यांनी तीच भाजी आमच्या दुप्पट खाल्ली होती आणि ते सकाळी ठणठणीत होते. परतीच्या वाटेवर ही गोष्ट माझ्या मनातून जाईना.

आईच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून पाहिले होते, त्यावर ९७ आकडा आला होता. शिवाय छतावरचा पंखा रात्रभर हवा बाहेर फेकत होता, त्यामुळे आत हवा खेळती होती असे मी धरून चाललो आहे. धुराचा वास कोणालाच आला नाही.

आता दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत चार दिवस राहण्याचा विचार आहे. घरी तीन इंची पीव्हीसी पाईप पडून आहेत (आपल्या जिल्ह्यात ते कोणाकडे नसतात?). ते सायलेन्सरला जोडून छतापर्यंत चिमणी केली तर चालेल का? की जनरेटर बाहेर काढून लांब ठेवणेच बरे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

डॉक्टर, धुळे

चिमणीचे नंतर पाहू, आधी त्या रात्रीविषयी बोलू. आपण जे वर्णन केले आहे ते कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेचे अगदी ठरलेले चित्र आहे: एकाच छताखाली झोपलेल्या सर्वांना एकाच वेळी डोकेदुखी आणि मळमळ, आणि तेच अन्न खाऊन बाहेर झोपलेल्यांना काहीही नाही. शेवभाजी निर्दोष आहे. हा वायू रंगहीन आणि गंधहीन असतो. एक्झॉस्टचा जो वास येतो तो त्यातील इतर घटकांचा असतो, त्यामुळे वास आला नाही याचा अर्थ वायू नव्हता असा होत नाही.

ऑक्सिमीटरच्या ९७ या आकड्यावर आपण विसंबलात, ही गोष्ट मला सर्वांत धोक्याची वाटते. रक्तातील हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि बोटाला लावायच्या साध्या यंत्राला ऑक्सिजन धरलेले हिमोग्लोबिन व कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन यांतला फरक ओळखता येत नाही. माणूस गुदमरत असला तरी ते ९७ किंवा ९८ दाखवत राहते. निदानासाठी रक्तातील कार्बोक्सिहिमोग्लोबिन, म्हणजे हा वायू धरलेले हिमोग्लोबिन, मोजावे लागते.

पुन्हा असे झाले तर आधी सर्वांना मोकळ्या हवेत काढा, १०८ ला फोन करा आणि ‘जनरेटर चालू होता’ हे शब्द डॉक्टरांना स्वतःहून सांगा, कारण ते सांगितले नाही तर पित्त किंवा विषारी अन्न समजून उपचार होण्याची शक्यता असते. साध्या हवेत रक्तातील या वायूचे प्रमाण निम्मे होण्यास चार ते सहा तास लागतात. मास्कने पूर्ण ऑक्सिजन दिला तर हाच काळ साधारण एक ते दीड तासावर येतो. वयस्कर माणसे, हृदयरोगी, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना धोका अधिक असतो. काही रुग्णांत विसराळूपणा किंवा चालण्यातील अडखळ दोन-तीन आठवड्यांनंतरही दिसू लागते, म्हणून आईंना एकदा तपासून घ्यावे ही विनंती.

फॅब्रिकेशनवाले आप्पा (भुसावळ)

नमस्कार भाऊ. पीव्हीसीचा विचार सोडून द्या. तो पाईप ७५-८० अंशांपाशी मऊ पडतो, आणि आपल्या जनरेटरच्या सायलेन्सरच्या तोंडाशी वायू त्याच्या कितीतरी पट गरम असतो. पाईप आधी वाकेल, मग जळेल, आणि जळताना त्यातून आम्लाचा धूर निघेल तो वेगळाच. पाण्याच्या लाइनचा जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पाईपही सायलेन्सरजवळ लावू नका. वेल्डिंग करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की कारागीर रात्री तापाने फणफणतो. साधा काळा एमएस (साध्या पोलादाचा) पाईप किंवा स्टेनलेस स्टीलचा पाईप घ्यावा.

आता चिमणीचे. आपण सर्वांनी ट्रॅक्टरचा उभा सायलेन्सर पाहिलेला आहे. कल्पना तीच आहे, पण एक फरक लक्षात ठेवावा लागतो. ट्रॅक्टरचे इंजिन ती नळी हिशेबात धरूनच बनवलेले असते, आणि आपला छोटा जनरेटर तसा नसतो. त्याच्या सायलेन्सरला लांब, अरुंद आणि बेंडांनी भरलेली नळी थेट जोडली तर बॅक प्रेशर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराचा इंजिनावर उलटा पडणारा दाब, वाढतो, इंजिन तापते, ताकद पडते. शिवाय नळीचे वजन आणि जनरेटरची थरथर यांमुळे सायलेन्सरच्या बुडाशी तडा जातो. तडा गेला की धूर कप्प्यातच सुटतो, आणि तो डोळ्यांना दिसतही नाही.

म्हणून परदेशातील मोटारहोमवाले उभी चिमणी थेट जोडत नाहीत. सायलेन्सरची नळी मोठ्या व्यासाच्या उभ्या पाईपच्या तोंडात मोकळी सोडतात आणि दोहोंमध्ये चारही बाजूंनी फट ठेवतात. वेगाने वर जाणारा गरम वायू त्या फटीतून आजूबाजूची थंड हवा ओढून घेतो, पाईप फारसा तापत नाही आणि इंजिनावर काहीच ताण येत नाही. परंतु ही फट गाडीच्या बाहेरच असली पाहिजे, कारण इंजिन सुरू होताना किंवा वरून वाऱ्याचा झोत आल्यास थोडा धूर तेथून खाली सांडतो. तुमच्या कप्प्याच्या आत सायलेन्सरपासून बाहेरच्या पत्र्यापर्यंत स्टेनलेस स्टीलची लवचीक नळी क्लॅम्पने बसवावी, तिचा व्यास सायलेन्सरच्या तोंडापेक्षा कमी नसावा, आणि फट पत्र्याच्या पलीकडे ठेवावी. उभा पाईप गाडीच्या छतापेक्षा किमान फूट-दीड फूट उंच न्यावा, छतावरच्या पंख्यापासून लांबच्या कोपऱ्यात. वर ट्रॅक्टरसारखी उघडझाप करणारी टोपी लावावी. खालच्या बेंडला एक बारीक छिद्र ठेवावे, कारण एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास लिटरभर पाणी तयार होते आणि थंड पाईपमध्ये ते साचून परत इंजिनाकडे येऊ शकते.

तोरणमाळबद्दल एक जोडतो: तिथली उंची अकराशे मीटरच्या वर आहे. तेवढ्या उंचीवर हवा विरळ होते, कार्ब्युरेटर मात्र खालच्या हिशेबानेच पेट्रोल सोडतो, आणि न जळलेला अंश वाढला की हाच विषारी वायू अधिक बनतो. जनरेटर तिथे काळपट धूर सोडत असेल तर ती त्याची खूण समजावी.

सातपुड्यातली भटकंती (नंदुरबार)

आप्पांनी पाईपचे सगळे सांगितले आहे, पण मला वाटते की मूळ प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य कोणीच पकडले नाही. ‘छतावरचा पंखा रात्रभर हवा बाहेर फेकत होता’ असे दादांनी लिहिले आहे. खिडक्या बंद आणि पंखा हवा बाहेर ओढतोय, तर त्या हवेची जागा भरायला हवा येणार कुठून? ती येणार मागच्या कप्प्याच्या जोडातून, वायरींसाठी पाडलेल्या छिद्रांतून, ओट्याखालच्या सांडपाण्याच्या नळीच्या कडेने; म्हणजे नेमकी तिथूनच, जिथे बंपरखाली तुमचा धूर सोडलेला आहे. हवा खेळती होती हे खरे, पण ती जनरेटरजवळून खेळत येत होती.

आम्ही पती-पत्नी आठ वर्षे स्वतःच्या गाडीतून फिरतो, आणि हे आम्हाला एका उदबत्तीने शिकवले. गाडी अंगणात उभी करून जनरेटर बंद ठेवा, सर्व खिडक्या-दारे लावा, छताचा पंखा पूर्ण वेगाने बाहेरच्या दिशेने सुरू करा आणि पेटलेली उदबत्ती जमिनीलगत सर्व कोपऱ्यांतून हळूहळू फिरवा. आमच्या गाडीत पलंगाखाली वायरींची एक जुडी जमिनीतून वर आली होती. तिथे उदबत्ती नेताच धुराची सरळ रेघ मोडली आणि पंख्याकडे आडवी पळाली. त्या छिद्रातून बोट जाईल एवढी जागा होती. रबरी ग्रॉमेट (छिद्राच्या कडेला बसणारी कडी) आणि उष्णता सहन करणारे सीलंट लावल्यावर रेघ पुन्हा सरळ उभी राहिली.

डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मृतावस्थेत सापडली. जनरेटरचा वायू गाडीच्या तळातील छिद्रातून आत शिरल्याचे नंतरच्या तपासणीत पुढे आले. ही बातमी वाचल्यापासून मी उदबत्तीची परीक्षा दर सहलीपूर्वी करते.

जनरेटर बाहेर काढायचा असल्यास अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची सूचना दारे-खिडक्यांपासून किमान २० फूट अंतराची आहे, आणि सायलेन्सरचे तोंड गाडीच्या उलट दिशेस हवे. वारा पाहून जागा ठरवावी, पण तेवढ्यावर भागत नाही. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला गाडीची भिंत हवेचा भोवरा तयार करते आणि तिथे सोडलेला धूर परत भिंतीकडे येतो, म्हणून आडोशाची बाजूही पुरेसे अंतर असेल तरच चांगली. शिवाय रात्री वारा फिरतो. आम्ही तीन कोरची २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल १५ मीटर घेतली आहे; दोन-अडीच केव्हीएसाठी ती पुरते.

आणि दादा, मोठ्या बहिणीच्या अधिकाराने सांगते, झोपताना जनरेटर बंद. तोरणमाळच्या थंडीला दोन जाड गोधड्या पुरतात. हीटर नाही म्हणून कोणी शेगडी आत घेऊ नये, तिच्यातूनही हाच वायू निघतो.

तापीकाठचा प्रवासी

सर्वांचे मनापासून आभार. आईला काल जळगावला दाखवून आणले, प्रकृती ठीक आहे.

ताईंनी सांगितलेली उदबत्तीची परीक्षा आज सायंकाळी केली. सांडपाण्याच्या नळीपाशी फारसे काही दिसले नाही, परंतु मागच्या पलंगाखाली, जिथे कप्प्याचा पत्रा आणि गाडीचा मूळ पत्रा एकमेकांना भेटतात, तिथे जवळजवळ हातभर लांबीची फट निघाली. कारागिराने तिच्यावर नुसता रेक्झिनचा तुकडा चिकटवला होता. उदबत्तीचा धूर तिथे इतक्या जोराने आत वळला की पत्नीने हात लावून पाहिला तर तिला वारा लागला. त्या फटीच्या वर, अर्ध्या हाताच्या अंतरावर, आईची उशी असते.

दोन शंका उरतात. फट वेल्डिंगने बंद करू की सीलंटने? आणि बाजारात जो गॅस अलार्म मिळतो तो पुरेल का?

फॅब्रिकेशनवाले आप्पा (भुसावळ)

एवढ्या लांब फटीला सीलंट नको. खडबडीत रस्त्यावर पत्रे हलतात आणि ते सुटते. दोन्ही पत्र्यांवर आतून एक सलग पट्टी वेल्ड करून घ्या आणि मग जोडावर सीलंट फिरवा. वेल्डिंगपूर्वी जनरेटर पेट्रोलसह बाहेर काढा, पलंगाचे फोम काढा आणि गाडीच्या बॅटरीची ऋण तार सोडवा. माझ्या मते मात्र तो कप्पा जनरेटर वाहून नेण्यापुरता ठेवावा आणि चालवताना जनरेटर बाहेर जमिनीवर उतरवावा. चिमणी करायची हौस असेल तर ती नंतर करू, मला आवडेलच.

डॉक्टर, धुळे

स्वयंपाकाच्या गॅसचा अलार्म येथे उपयोगाचा नाही; तो एलपीजी ओळखतो, हा वायू नाही. कार्बन मोनॉक्साइडचा स्वतंत्र, आकडा दाखवणारा अलार्म घ्यावा आणि तो उशीच्या उंचीवर लावावा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने त्याचा अलार्म खाली लावतात; हा वायू जवळजवळ हवेइतकाच जड असून सगळीकडे मिसळतो. यातील सेन्सर साधारण पाच ते दहा वर्षांत संपतो, त्यामुळे मागे छापलेली मुदत पाहून घ्यावी. अमेरिकन मानकाचा अलार्म ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) तासाभरानंतर, पण ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत वाजतो. म्हणून तो वाजण्याची वाट न पाहता आकडा शून्यावरून हलला की जनरेटर बंद करावा.

तापीकाठचा प्रवासी

सारंगखेड्याहून लिहितो आहे. पट्टी वेल्ड झाली, उदबत्तीची रेघ सरळ उभी राहते. जनरेटर गाडीपासून पंचवीस फुटांवर नदीच्या बाजूस ठेवला होता. पण त्या अंगाला घोडेवाल्यांची राहुटी होती, आणि माझा धूर माझ्यापासून दूर म्हणजे त्यांच्या जवळ, हे संध्याकाळी त्यांच्यातल्या एका आजोबांनी येऊन सांगितले तेव्हा कळले. त्यांच्याशी बोलून तो दोन्हींपासून दूर, उतारावर हलवला, आणि आता तो दिवेलागणीपासून नऊपर्यंतच चालतो, तेवढ्यात बॅटरी भरते. अलार्म आईच्या उशाशी लावला आहे. आकडा शून्य आहे, आणि आई रोज सकाळी चष्मा लावून आधी तो वाचते, मग चहा मागते.