सौदी खरंच एवढं बदललंय का?

खाडीकाठचा:
माझे वडील १९९४ ते २०१२ जुबेलला होते. त्यांच्याकडून ऐकलेलं सौदी म्हणजे अजान झाली की दुकानाची शटरं खाली, मुतव्वा (धार्मिक पोलीस) गल्लीत फिरतायत, बाई गाडी चालवतेय हे तर स्वप्नात पण नाही. आता चुलतभाऊ रियाधहून कॉन्सर्टचे व्हिडिओ पाठवतो. वडील म्हणतात सगळा दिखावा आहे, टुरिस्टांसाठी. तिकडे राहिलेल्या कोणी सांगेल का?

इकामा_संपला:
दिखावा नाही हो, मी दम्मामला ९ वर्षं काढली, डोळ्यादेखत बदललं. एप्रिल २०१६ मध्ये मुतव्वांचा पकडायचा अधिकारच काढून घेतला, त्यानंतर ते मॉलमध्ये दिसेनासे झाले. पण आपल्या लोकांना त्याच काळात दुसरं काय झालं ते पण ऐका. जुलै २०१७ पासून फॅमिलीवर माणशी महिना १०० रियाल फी लागली, ती दरवर्षी १०० नं वाढत ४०० पर्यंत गेली. जुलै २०१८ पासून माझी बायको आणि दोन पोरं, माणशी २०० म्हणजे महिन्याला ६००, आणि इकामा (राहण्याचा परवाना) रिन्यू करताना वर्षाचे एकदम भरायचे. जून २०१८ ला बायकांना ड्रायव्हिंग सुरू झालं, आमच्याकडे त्याच महिन्यात फायनल एक्झिटच्या (कायमचं परत जायच्या) बॅगा भरल्या जात होत्या. बिल्डिंगच्या बिल्डिंगा रिकाम्या झाल्या तेव्हा.

सायली_वाचते:
बदल खरा आहे, पण तो मागितलेला चालत नाही, वरून दिलेलाच घ्यायचा. १९९० ला रियाधमध्ये ४७ बायकांनी गाड्या चालवून दाखवल्या होत्या, पासपोर्ट जप्त, कित्येकींच्या नोकऱ्या गेल्या. आणि लुजैन अल-हथलूल? ड्रायव्हिंगसाठी भांडली, तिला बंदी उठायच्या महिनाभर आधी मे २०१८ मध्ये उचललं, सुटली २०२१ च्या फेब्रुवारीत. म्हणजे हक्क मिळाला तेव्हा ती आत! त्याच २०१८ मध्ये इस्तंबूलच्या सौदी कॉन्सुलेटमध्ये पत्रकार खशोगींचा खून केला ते सगळ्यांना माहितीये.

जुना_पेपर:
सायलीताई पटलं. युवराज मोहम्मद बिन सलमान सांगतात की १९७९ ला मक्केच्या मशिदीवर बंडखोरांनी कब्जा केला त्यानंतर देश कडक झाला, आम्ही फक्त परत आणतोय. अर्धंच खरं आहे, शहरांत बायका त्याआधी पण गाडी चालवत नव्हत्याच. मला वाटतं खरं कारण तेल. २०१४ ला शंभर डॉलरच्या वर असलेलं बॅरल २०१६ च्या जानेवारीत तिशीच्या खाली आलं, मग घरातली शिकलेली बाई कामावर नको कशी चालेल? ३० टक्के बायका नोकरीत किंवा नोकरीच्या शोधात असाव्यात हे २०३० चं टार्गेट त्यांनी २०२० मध्येच ओलांडलं. गरज होती म्हणून झालं, पण त्या पोरींच्या हातात पगार आलाय तो काही खोटा नाही.

खाडीकाठचा:
थँक्स सगळ्यांना. वडिलांना वाचून दाखवलं. फी वगैरेवर काही बोलले नाहीत, एवढंच विचारलं की नमाजला शटर अजून पाडतात का.

इकामा_संपला:
त्यांना सांगा, २०२१ पासून उघडं ठेवायला परवानगी आहे.