सन्मान हवाच, पण वेळेवर

चळवळीत उतरलेल्या मुलांचे लहान वयात सत्कार केले की ती हवेत जातात, असं म्हणतात; हा मुद्दा मला अर्धाच पटतो. क्लॉडेट कॉल्व्हिनचं पाहा. अमेरिकेतल्या माँटगोमेरीत २ मार्च १९५५ रोजी या १५ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीने गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला. पोलिसांनी तिला ओढत खाली उतरवलं. अशाच नकारामुळे जगभर गाजलेल्या रोझा पार्क्सची घटना त्यानंतर नऊ महिन्यांनी घडली. पण चळवळीतल्या मोठ्यांना ही शाळकरी पोर चेहरा म्हणून सोयीची वाटली नाही. बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५६ च्या खटल्यात ती वादींपैकी एक होती, तरी नाव मागेच राहिलं. तिच्यावरची बालगुन्हेगारीची नोंद कोर्टाने पुसली ती थेट २०२१ मध्ये, ती ८२ वर्षांची असताना! आता या वयात कोण हवेत जाणार?

हवामान बदलाविरुद्ध लढणाऱ्या स्वीडनच्या ग्रेटा थुनबर्गने मात्र २०१९ मध्ये नॉर्डिक कौन्सिल या उत्तर युरोपीय देशांच्या संस्थेचा पर्यावरण पुरस्कार चक्क नाकारला. चळवळीला आणखी पुरस्कार नकोत, सत्ताधाऱ्यांनी विज्ञानाचं ऐकावं, असं तिचं म्हणणं. तिचा सूर अनेकांना खटकतो, पण इथे तिने नेमकं बोट ठेवलं. पुरस्कार देऊन, फोटो काढून मोकळं होणं फार सोपं असतं.

मुलींच्या शिक्षणासाठी लढणाऱ्या पाकिस्तानच्या मलालाला १७व्या वर्षी नोबेल मिळालं, पण त्याआधी गोळी झेलावी लागली. म्हणून सन्मानासोबत शिक्षणाचा खर्च, गरज पडल्यास वकील आणि धमक्या आल्यास संरक्षण द्या. आणि निर्णय घेणाऱ्या समितीत जागा द्यायची तर मतदानाच्या हक्कासकट.